पाच गोळ्यांची पट्टी आणि बुडालेला रोज

गोमाईकाठ
सोमवार, रात्री ९:५०

शहादा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी माझं मेडिकल आहे. एकवीस वर्षं झाली काउंटरमागे उभा राहून. हातानं लिहायचं बिलबुक गेलं, कॉम्प्युटर आला, मोबाइलवर पैसे आले. कात्री मात्र तीच, आणि बाजाराच्या दिवशी सगळ्यात जास्त तीच चालते.

"भाऊ, ती बीपीनी गोयी दे. पाचच दे."

दहाची पट्टी, त्यातल्या पाच कापून द्यायच्या. बाजार सात दिवसांनी भरतो, गोळ्या पाच. उरलेल्या दोन दिवसांचं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "ज्या दिन डोकं दुखत नही त्या दिन कसाले खावानी?"

पट्टी कापायची एक रीत असते. बॅच नंबर आणि एक्स्पायरी ज्या टोकाला छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत दुकानात ठेवायचं, कापायचं दुसऱ्या बाजूनं. पूर्ण पट्टी नेणाऱ्याच्या घरी सगळं छापील जातं. पाच नेणाऱ्याच्या घरी बहुतेकदा नुसता चांदीचा तुकडा, त्यावर औषधाच्या नावाची अर्धी अक्षरं. मग ती बाई कधी दुसऱ्या डॉक्टरकडे गेली आणि त्यानं विचारलं, कोणती गोळी चालू आहे, की पदराच्या गाठीतून तो तुकडा निघतो. डॉक्टर चिडतो, वाचायला काहीच नसतं. तो तुकडा कापलेला असतो मी.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. सहा वर्षांपूर्वी गावात बीपी-शुगरचं शिबिर झालं, त्यात एकाच टेबलावर दोघांचं बीपी निघालं. एक निवृत्त गुरुजी, दुसरी निंदणी-कापणीला जाणारी मावशी. गुरुजींचा आकडा मावशीपेक्षा वाईट होता. गुरुजी आज बहात्तरचे आहेत, पहाटे फिरून येतात आणि दुकानाच्या पायरीवर बसून मला राजकारण शिकवतात. मावशीला होळीच्या आठवड्यात लकवा झाला. वय सत्तेचाळीस. उजवा हात गेला, म्हणजे विळा गेला.

गावात सगळे एकच बोलले: गोळ्या नीट घेतल्या नाहीत, अडाणी बाई. मीही मान डोलावली. घरी येऊन हिशोब मांडला तेव्हा लाज वाटली.

सरकारी गोळ्या फुकट मिळतात, महिन्याच्या एकदम देतात. कबूल. पण आरोग्य केंद्र तिच्या वस्तीपासून नऊ किलोमीटर. ओपीडी सकाळची, आणि मजुरांची गाडी निघते आठला. ओपीडीला गेली की रोज बुडाला, अडीचशे रुपये. काळीपिवळीचे येऊन-जाऊन चाळीस. फुकटची गोळी पडली महिन्याला दोनशे नव्वदला. माझ्याकडे पाच गोळ्या पंधरा रुपयांत, चार बाजारांचे साठ, आणि बाजाराला तर ती येणारच असते, वेगळा खाडा नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही पाचच घेतल्या असत्या. मग यात अडाणी कोण?

देवपूरकर
सोमवार, रात्री १०:१५

+१. माझे वडील धुळ्यात जिनिंगवर होते. खोकला आला की म्हणायचे, सीझन संपू दे. सीझन संपला की म्हणायचे, आता खोकला कुठंय. तीस वर्षं हेच.

खान्देशी_पुण्यात
सोमवार, रात्री ११:०२

लेख मनाला भिडला, पण एक कडू बोलतो, हलके घ्या. मीही अमळनेर तालुक्यातल्या गावातूनच आलोय. ज्या घरात गोळ्यांना पैसे नसतात त्याच घरात हळदीला डीजे लागतो, रात्री नाचायला दारू लागते. खाडा फक्त दवाखान्याच्या दिवशीच दिसतो का? आता तर महात्मा फुले योजना आहे, १०८ आहे, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यात केसपेपरलाही पैसे नाहीत. अजून सरकारनं काय घरी येऊन तोंडात गोळी टाकायची?

गोमाईकाठ
सोमवार, रात्री ११:२०

भाऊ, डीजेचं खरं आहे. पण हळद आयुष्यात एकदा, बीपीची गोळी रोज. एकदाचं कर्ज मुकादम देतो. रोजच्या गोळीसाठी उचल कोणी देतं का?

डोंगरातली_आशा
मंगळवार, दुपारी २:३५

मी नंदुरबारच्या डोंगरात, अक्राणी भागात आशा आहे. नेट येतं तेव्हा वाचते, आज मिटिंगला तालुक्याला आलेय म्हणून लिहितेय.

पुण्याचे भाऊ, घरी येऊन तोंडात गोळी टाकायचं म्हणालात ना, ते काम मी करते. टीबीच्या पेशंटसमोर उभी राहून गोळी गिळलेली बघते. त्याचा मोबदला मिळतो, कामागणिक. पण गोळी उपाशीपोटी मळमळते. टीबीच्या माणसाला पोषणासाठी सरकार पैसे देतं, २०१८ पासून महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ते खात्यात जातात. खातं तालुक्याला. बँकेत जायचं तर पुन्हा गोमाईभाऊंचा तोच खाडा.

माझ्याकडचं खरं दुखणं वेगळं आहे. दसरा झाला की गुजरातचे ट्रक येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, ती दसऱ्याआधीच किराणा आणि आजारपणात संपलेली. अर्धा पाडा रिकामा होतो. मी आश्विनात लेकरांच्या दंडाला टेप लावते, बरीचशी पिवळ्यात नाहीतर हिरव्यात. तेच लेकरू उन्हाळ्यात परत येतं तेव्हा टेप लाल: दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे तीव्र कुपोषित. मधले पाच-सहा महिने ते बारडोलीकडं नाहीतर आणखी कुठं उसाच्या फडाजवळच्या पालात होतं. आई पहाटे चारला फडात, लेकरू सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. सरकारच्या अमृत आहार योजनेतलं अंडं आमच्या अंगणवाडीत, लेकरू तिकडं.

मग वरून विचारतात, तुमच्या गावात कुपोषण का वाढलं. गावात कुठं वाढलं, ते बाहेर वाढून आलं.

बाँडवाला_डॉक्टर
मंगळवार, रात्री ९:१०

ताई, तुमची पोस्ट वाचून दोन वर्षं परत आठवली. एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेसाठी, म्हणजे बाँडसाठी, सातपुड्यातल्या एका आरोग्य केंद्रावर होतो. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून काम करताहेत.

पहिल्या महिन्यातला माझा पराक्रम सांगतो. रक्तक्षयाची गरोदर बाई होती. मी कागदावर लिहिलं: दूध, फळं, पालेभाज्या, भरपूर विश्रांती. सिस्टर वाचून काही बोलल्या नाहीत, फक्त कागद बाईच्या हातात देताना हसल्या. पुढच्या आठवड्यात तीच बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढताना दिसली. विश्रांती चालू होती.

खान्देशी_पुण्यात यांच्या मुद्द्यावर: योजना आहेत हे खरंच. डोंगराळ-आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येला एक आरोग्य केंद्र, तीन हजारांना एक उपकेंद्र, हा निकष सपाटीपेक्षा सैल आहे (तिथं तीस आणि पाच हजार). नर्मदेच्या काठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आहे. नंदुरबारला २०२० पासून मेडिकल कॉलेज आहे. पण वीस हजार माणसं सपाटीवर तीन गावांत असतात, डोंगरात साठ पाड्यांवर. रस्ता नसेल तर १०८ रस्ता संपतो तिथं उभी राहते आणि पेशंट तिथपर्यंत झोळीत येतो. पेपरवाल्यांनी त्याला "बांबूलन्स" नाव ठेवलंय. झोळीला चार खांदेकरी लागतात, आलटून-पालटून आठ. म्हणजे एका पेशंटमागं आठ खाडे!

आणि रेफर. मी चिठ्ठी लिहायचो, "पुढील उपचारासाठी जिल्हा रुग्णालय". माझं काम संपलं. नातेवाईक बाहेर जाऊन गोल करून बसायचे. उपचार फुकट, पण सोबतच्याचं जेवण? परतीचं भाडं? बकऱ्या कोण बघणार? बऱ्याचदा तासाभरानं अंगठा देऊन डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी) घ्यायचे आणि घरी. रजिस्टरमध्ये मी लिहायचो: नातेवाईक तयार नाहीत. आता वाटतं, त्या रकान्यात "बकऱ्या" लिहायला हवं होतं.

गंमत म्हणजे हे सरकारलाही माहीत आहे. कुपोषित मूल भरती झालं की आईला पैसे देतात, त्याचं सरकारी नावच "बुडीत मजुरी". शब्द किती नेमका आहे बघा. म्हणजे एका ठिकाणी मान्य केलंय की दवाखान्यात येणं हा खर्च आहे. मग बीपीला, टीबीच्या तपासणीला, डोळ्यांच्या ऑपरेशनला तो खर्च कुठं जातो? (आणि ती बुडीत मजुरीही माझ्या वेळी रोजापेक्षा कमी मिळायची आणि मूल घरी गेल्यावर कधीतरी.)

खान्देशी_पुण्यात
मंगळवार, रात्री १०:०५

आठ खाडे हे डोक्यात नव्हतं आलं. मान्य.

तरी दारूचं उत्तर कोणी दिलं नाही.

वाचते_ती
मंगळवार, रात्री ११:४०

दारूचं थोडं देते, आडवळणानं.

इंग्लंडमध्ये व्हाइटहॉल म्हणजे सरकारी कचेऱ्यांचा भाग. तिथल्या सतराएक हजार पुरुष नोकरदारांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. पुढं मायकेल मार्मट या संशोधकाचं नाव त्याच्याशी जोडलं गेलं. यातला एकही माणूस भुकेला नव्हता, सगळ्यांना पगार, पेन्शन, आणि १९४८ पासून देशात उपचार फुकट. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपाई-निरोप्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्या साहेबांच्या तिप्पट निघाला. मधल्यांचा मधला. पायरीपायरीनं. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशोबात धरलं तरी फरक पुरता भरून निघाला नाही.

तेव्हा "वाईट सवयी" हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. आणि सवयीसुद्धा पायरीप्रमाणंच पडतात. बारा तास ऊस तोडून पाठ मोडलेल्या माणसाला रात्री झोप आणणारी सगळ्यात स्वस्त वस्तू कोणती, हे गोमाईकाठ सांगतील. त्यांच्या दुकानातली नाही.

दुसरं जवळचं उदाहरण. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास. बाळ दिसायला हडकुळं, पण अंगात चरबी जास्त, म्हणजे पुढं मधुमेहाची सोय आईच्या पोटातच. त्यातलं मला टोचलेलं वाक्य असं की गरोदरपणात ज्या बायकांना शेतात आणि घरात जास्त राबावं लागलं त्यांची बाळं आणखी लहान. आठव्या महिन्यात कापूस वेचणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिलीय. तिच्या मुलाला चाळिशीत शुगर निघाली की आपण म्हणतो, चहात साखर फार घेतो.

रावेरचा_केळीवाला
बुधवार, सकाळी ६:२०

चांगली चर्चा. पण सगळी गाडी डोंगरावरच चढतेय म्हणून सपाटीचं सांगतो.

आमच्याकडे पैसा आहे. केळी, पाइपलाइन, बंगले, तालुक्याला सोनोग्राफीची मशीनं. तरी २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयात हजार मुलग्यांमागं जळगाव जिल्ह्यात मुली ८४२, आणि ज्यांना आपण मागास म्हणतो त्या नंदुरबारमध्ये ९४४. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा आहे. दवाखाना जवळ असणं आणि खिशात पैसे असणं एवढ्यानं काम भागत असतं तर हे आकडे उलटे असते. घरात कोणाला किती किंमत, त्यावर बरंच ठरतं. माझी आई सगळ्यांचं झाल्यावर जेवायची. भाकरी उरली तर भाकरी, नाहीतर ताटातलं कालवण आणि पाणी. आम्ही पंधरा एकरवाले होतो तरी.

अवांतर: मे महिन्यात केळीचे घड वाहणारे मजूर बघा एकदा. पारा पंचेचाळीसच्या पुढं, आम्ही एसीत. ऊन सगळ्यांना सारखंच असतं असं म्हणणाऱ्याला भुसावळ स्टेशनात उभं करा.

भरीत_प्रेमी
बुधवार, सकाळी ९:०५

गंभीर धाग्यात घुसल्याबद्दल माफी. केळीवाले, बामणोदची वांगी अजून मिळतात का?

पथारीवरची_लेक
बुधवार, दुपारी १:१५

नंदुरबारची मिरची सगळे खातात, म्हणून लिहिते. शहराबाहेर मिरची वाळवायच्या पथाऱ्या असतात, लांबून लाल गालिचे दिसतात. फोटोग्राफर येतात, छान फोटो निघतात. माझी आई तिथं बारा वर्षं देठ खुडायची. तोंडाला ओढणी बांधून. ओढणीतून मिरची थांबत नाही. पूर्ण पथारी एका सुरात खोकते.

संध्याकाळी हात नुसते पेटलेले. दही लावायची, तेल लावायची. धाकट्या भावाला ती रात्री जवळ घेत नसे, त्याच्या डोळ्याला हात लागेल म्हणून. तो रडायचा आणि ती हात वर धरून बसायची. मला वाटायचं, आईला तो आवडत नाही.

आता तिला दम लागतो. डॉक्टर विचारतात, घरात कोणी सिगारेट ओढतं का, चूल आहे का. कामाचं कोणी विचारत नाही. मी सांगितलं तर म्हणाले, "ते काय, सीझनचं काम." कागदावर "ॲलर्जी" लिहिलं. कारखान्यात असती तर निदान रजिस्टरला नाव असतं. पथारीवर नावच नसतं, नुसतं वजन लिहितात, मिरचीचं.

बाँडवाला_डॉक्टर
बुधवार, दुपारी १:५०

तुम्ही काय काम करता, किती वर्षं, कशात. हे विचारायला आम्हाला शिकवतात. परीक्षेत विचारतो. नंतर समोर शंभराची ओपीडी असते आणि तो प्रश्न पहिला गळतो. आईंची एकदा स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी, करून घ्या, मेडिकल कॉलेजात चौकशी करा. ओढणीनं काही होत नाही हे खरं.

नवापूरचा_पोरगा
बुधवार, रात्री ८:३०

मी सिकलसेलचा पेशंट आहे, वाहक नाही, एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून दोष आलेला. आमच्या भिल्ल-मावची-पावरा समाजात हे रक्तातून येतं. आता कोणी म्हणेल, जनुकाचा आजार, यात गरिबी कुठून आली? म्हणून सांगतो.

जनुक माझ्यात आणि माझ्या चुलतभावात तेच. तो ग्रामसेवक आहे, मी शेतमजुरीला जायचो. त्याला वर्षात दुखण्याचा एखादा अटॅक येतो, मला महिन्याला. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं आणि अति कष्ट, यांनी पेशी अडकतात आणि हाडं आतून पिळून निघतात. शेतीची लाइट रात्रीची. पौषात रात्री दोनला गव्हाला पाणी द्यायला गुडघाभर गारठ्यात उभं राहायचं. सकाळी मी जमिनीवर लोळतोय आणि मालक म्हणतोय, काल तर बरा होता, नाटकं करतो. बाहेरून सूज नाही, रक्त नाही. त्या दुखण्याला साक्षीदार नसतो.

१ जुलै २०२३ ला देशपातळीवरचं सिकलसेल अभियान सुरू झालं, २०४७ पर्यंत आजार संपवायचा म्हणतात. तपासणी जोरात आहे, शाळेत कार्डं वाटली. कार्ड मिळाल्यावर पहिला परिणाम काय झाला? माझ्या बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं. ती फक्त वाहक आहे, तिला काही होत नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला हा आजार होण्याचा चारात एक धोका, हे सांगायला कार्डासोबत कोणी आलं नव्हतं.

डोंगरातली_आशा
बुधवार, रात्री ९:००

भाऊ, तुमचं अपंगत्वाचं कार्ड काढलं का? २०१६ च्या कायद्यात सिकलसेल आहे. एसटीतही सवलत आहे. अटॅक कमी करणारी गोळी, हायड्रॉक्सीयुरिया, चालू आहे ना? आमच्याकडं मध्ये संपली की लोक बंदच करतात.

नवापूरचा_पोरगा
बुधवार, रात्री ९:१२

चालू आहे ताई. कार्डासाठी तीनदा जाऊन आलो. एकदा डॉक्टर रजेवर, एकदा सर्व्हर डाऊन, एकदा मलाच अटॅक.

खान्देशी_पुण्यात
बुधवार, रात्री १०:३०

दोन दिवस वाचतोय. आमच्या सोसायटीत धुणंभांड्याला येणाऱ्या ताई शिरपूरकडच्या आहेत, आज पहिल्यांदा विचारलं. शुगर आहे. गोळी "जमेल तशी" घेतात. कारण विचारलं तर म्हणाल्या, "खाडा केला तर तुम्हीच पैसे कापता ना दादा." बायकोनं माझ्याकडं बघितलं.

डीजेबद्दलचं माझं मत तेच आहे. पण ते या धाग्यात टाकायला नको होतं.

गोमाईकाठ
गुरुवार, रात्री ९:४५

सगळ्यांचं वाचलं. आज आमचा बाजार होता, म्हणून उशीर.

दोन गोष्टी केल्या. एक, आरोग्य केंद्राच्या साहेबांना जाऊन भेटलो. म्हटलं, बाजाराच्या दिवशी संध्याकाळी बाजारातच एक टेबल लावा, बीपी तपासा, महिन्याच्या गोळ्या तिथंच द्या. त्यांना पटलं. स्टाफ नाही म्हणाले, एक नर्स दोन उपकेंद्रं बघते. वर लिहून पाठवतो म्हणाले. बघू. टेबल आलं तर माझा त्या गोळीचा धंदा बसेल, हेही हसून म्हणाले. बसू दे, कात्रीला आराम.

दुसरं, कापलेल्या तुकड्यावर मार्करनं औषधाचं नाव, डोस आणि एक्स्पायरी लिहून द्यायला लागलोय. तिला वाचता आलं नाही तरी पुढच्या डॉक्टरला येईल. आज बावीस तुकडे लिहिले. पोरगा म्हणतो, रांग वाढते, गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. गेलंही एकदोन.

मावशीचा मुलगा आला होता. शाळा सोडून या वर्षी तो कोयत्याला जाणार, आईच्या जागी. बायको अजून नाही, म्हणून अर्धा कोयता. उचलही अर्धीच.

डोंगरातली_आशा
शुक्रवार, सकाळी ७:१०

भाऊ, मार्करची शाई त्या चांदीच्या कागदावर टिकत नाही, पदरात घामानं पुसते. मी लसीच्या कार्डांवर करून बघितलंय. आधी चिकटपट्टी लावा, पांढरी, कागदी. तिच्यावर बॉलपेननं लिहा.